वाढत्या मापाची होडी

जून महिना जवळ आला की आपल्या कतारगामातील गणवेशाच्या दुकानांत एकच झुंबड उडते. आईने मुलाच्या पाठीला सदरा लावून पाहावा, दुकानदाराने बत्तीस नंबरचा बरोबर बसतो म्हणून सांगावे आणि वडिलांनी शांतपणे म्हणावे, “चौतीसचा काढा, वाढतं अंग आहे.” हा प्रसंग न अनुभवलेला विद्यार्थी आपल्या शाळेत क्वचितच सापडेल. पहिल्या सहामाहीत बाह्या दुमडायच्या, दुसऱ्या सहामाहीत त्या सोडायच्या आणि पुढे तोच सदरा धाकट्या भावाकडे सोपवायचा, हे आपल्या संसाराचे अर्थशास्त्र आहे. त्यात हसण्यासारखे काही नाही. सदरा ढगळ झाला म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. परंतु हाच नियम कोणी पाण्यावर नेला तर काय होते, ते सांगण्यासाठी हा लेख लिहिण्याचे योजिले आहे.

निमित्त असे घडले. उन्हाळ्याची सुटी संपवून शाळा उघडली तेव्हा नववीच्या वर्गातील तिघेचौघे विद्यार्थी कोकणातून व गोव्यातून ‘कयाक’ नावाची होडी चालवून आले होते, आणि मधल्या सुटीत दुसरा विषय नव्हता. पुढे पालकसभेत एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला गाठले. ते मूळचे खानदेशातील. म्हणाले, “सर, गावाकडे आमच्या शेताला लागूनच धरणाचं पाणी आहे. दोन्ही मुलांसाठी एक कयाक घ्यावी म्हणतो. मोठ्या माणसाचीच घेतली तर पुढं दहा वर्षं बघायला नको, नाही का?” मुले होती बारा आणि पंधरा वर्षांची. मी चटकन “मोठ्या माणसाची घेऊ नका” म्हणालो खरा, परंतु त्याचे कारण दोन वाक्यांत सांगता येईना. ते कारण येथे सविस्तर देत आहे.

प्रथम कयाक म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडील होडीत नावाडी बहुधा उंच फळीवर बसतो किंवा उभा राहतो. कयाकमध्ये माणूस जवळजवळ पाण्याच्या पातळीवर, पाय पुढे पसरून, तोंड प्रवासाच्या दिशेला करून बसतो आणि दोन्ही टोकांना पाती असलेले एकच वल्हे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे चालवितो. ही होडी उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांची. त्यांच्या ओसाड मुलखात झाडे नाहीत. तेव्हा समुद्राने वाहून आणलेली लाकडे आणि प्राण्यांची हाडे ह्यांचा सांगाडा बांधावयाचा आणि त्यावर सीलचे कातडे ताणून शिवावयाचे, अशी तिची रचना असे. ती शिकाऱ्याची होडी होती, आणि बर्फासारख्या थंड पाण्यात उलटणे म्हणजे बहुधा मृत्यूच. म्हणूनच ह्या लोकांनी होडीचे माप कधी बाजारावर सोडले नाही. ज्याची होडी त्याच्याच शरीराने ती मोजावयाची. लांबी साधारणतः त्याच्या पसरलेल्या दोन हातांच्या तिप्पट. बैठकीपाशी रुंदी त्याच्या कमरेएवढी आणि वर दोन मुठी. माणसाने शिंप्याकडे जावे तसे हे होडीचे शिवणकाम होते, आणि शिंपीही तोच.

युरोपात ह्या होडीची गोडी लागली ती एकोणिसाव्या शतकात. स्कॉटलंडच्या जॉन मॅकग्रेगर ह्या गृहस्थाने ‘रॉब रॉय’ नावाच्या आपल्या छोट्या होडीतून युरोपातील नद्यांचा प्रवास केला आणि १८६६ साली त्यावर पुस्तक लिहिले. तेव्हापासून हौशी लोकांचे लक्ष तिकडे वळले. १९३६ सालच्या बर्लिन ऑलिंपिकपासून कयाकच्या शर्यतींना तेथे पूर्ण स्थान मिळाले. शर्यतीची एकट्याची कयाक जास्तीत जास्त ५२० सेंटिमीटर लांब व कमीत कमी १२ किलोग्रॅम वजनाची असते, आणि ती इतकी अरुंद असते की नवशिक्याने तीत बूड टेकण्यापूर्वीच ती त्याला पाण्यात उतरविते. तेव्हा दूरदर्शनवर पाहिलेली ती सुंदर सुरी आपल्यासाठी नाही, हे आधीच समजून घ्यावे.

आता माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत मी बहिणीच्या कुटुंबासह कोकणातील एका खाडीवर गेलो होतो. भाची तेरा वर्षांची, अंगाने किरकोळ, पोहता बऱ्यापैकी येणारी. भाड्याने कयाक देणाऱ्याने तिच्यापुढे एक लांबरुंद पिवळी होडी ओढली आणि तिच्या अंगात एक नारिंगी जॅकेट अडकविले. जॅकेट तिच्या मांडीपर्यंत आले. मी तसे म्हणताच तो हसून म्हणाला, “चालेल हो साहेब, वाढतं अंग आहे.” आमच्याच घरातले वाक्य त्याच्या तोंडी ऐकून मला इतके आपलेपण वाटले की मी पुढे काही बोललोच नाही! अर्धा तास सर्व ठीक चालले. नंतर दुपारचा वारा सुटला. माझी होडी मी कशीबशी वळविली. भाचीची मात्र वाळक्या पानासारखी पलीकडच्या काठाकडे सरकू लागली. ती वल्हे मारीत होती, पण होडी इतकी रुंद की पात्याआधी तिची कोपरेच काठावर आपटत होती. वल्हे एकदा निसटले ते निसटलेच. “मामा, ही वळतच नाही!” एवढेच तिचे शब्द वाऱ्यावरून माझ्याकडे आले. शेवटी एका कोळीबांधवाने आपली उलांडीची होडी मध्ये घालून तिला दोरीने ओढून आणले. कोणाला खरचटलेही नाही. परंतु काठावर आल्यावर मी तिला जॅकेटसह कमरेइतक्या पाण्यात बसविले, तो काय! जॅकेट वर तरंगत आले आणि तिचे तोंड आत गेले. मनात आले, हीच परीक्षा मी अर्धा तास आधी का घेतली नाही?

भाचीची होडी का वळली नाही, ह्याचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. आर्किमिडीजचा सिद्धान्त तुम्हांला पाठ आहे: तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. कयाकचे वजन २० किलोग्रॅम धरू. तीत ८० किलोचा प्रौढ मनुष्य बसला तर एकूण १०० किलो, म्हणजे १०० लिटर पाणी बाजूला सारले जाते. तीत ४० किलोची मुलगी बसली तर एकूण ६० किलो, म्हणजे फक्त ६० लिटर. चाळीस लिटरांचा हा फरक गेला कोठे? होडीचा पाण्याच्या पातळीवरील छेद सुमारे सव्वा चौरस मीटर धरला तर भागाकार करून पाहा: होडी तीन सेंटिमीटरांहून थोडी अधिक वर उचलली गेली. तीन सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. परंतु तीन मीटर लांबीच्या होडीची तेवढी पट्टी पाण्याबाहेर आली म्हणजे वाऱ्याला तेवढे शीड मिळाले. आणि तेवढीच पट्टी पाण्याखालून गेली म्हणजे वाहून जाण्याला अडविणारी पकड तेवढी कमी झाली. वाऱ्याचे बळ वाढले, पाण्याचा आधार घटला, आणि ह्या दोहोंशी झुंजणारे हात मात्र तेरा वर्षांचे.

“मग मोठी होडी निदान उलटत तरी नाही ना?” असा प्रश्न पालक विचारतात, आणि तो रास्त आहे. होडीची स्थिरता तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. साठ सेंटिमीटर रुंदीऐवजी सत्तर सेंटिमीटर घेतली तर सात भागिले सहा, त्याचा घन, म्हणजे जवळजवळ एक पूर्णांक सहा दशांश. रुंदीत एक वीत वाढवावी लागत नाही, अर्ध्या वितीने काम दीडपटीपेक्षा पुढे जाते. आपल्या कोकणातल्या पूर्वजांनी हे गणित कागदावर मांडले नसेल, पण निमुळत्या होडीच्या एका अंगाला दोन वाश्यांच्या आधाराने ओंडका बांधून जी उलांडी केली, तिच्यात हेच तत्त्व आहे: होडी अरुंदच ठेवावयाची, आधार मात्र रुंद करावयाचा. आता मुलाचे पाहा. त्याचे धड आखूड असते, त्यामुळे बसल्यावर त्याचा गुरुत्वमध्य प्रौढापेक्षा खाली असतो. अर्थात त्याला स्थिरतेसाठी एवढ्या रुंदीची गरजच नसते. जी रुंदी त्याला नको ती आपण त्याला देतो आणि जी हाताची पोच त्याला हवी ती काढून घेतो. रुंद होडी काठाजवळ शहाण्यासारखी वागते, म्हणून ती सुरक्षित वाटते. परंतु परत येता न येणे हाही अपघातच आहे. तो उलटण्यापेक्षा हळू घडतो, एवढेच.

तेव्हा बारा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी होडी कशी पाहावी? वयाकडे पाहू नये, हे प्रथम सांगतो. आपल्याच आठवीच्या वर्गात बत्तीस किलोचे विद्यार्थी आहेत आणि बासष्ट किलोचेही आहेत. वजन, उंची आणि पायाची लांबी ह्या तीन गोष्टी पाहाव्या. लहान मुलांसाठी म्हणून सुमारे सहा फुटांच्या ज्या होड्या मिळतात त्या दहाअकरा वर्षांपर्यंत ठीक. पुढे त्यात गुडघे मावत नाहीत, आणि आखूड होडी दर वल्ह्यासरशी नाळ डावीउजवीकडे फिरवीत चालते, त्यामुळे मूल दमते व कंटाळते. चाळीस ते पंचावन्न किलोच्या मुलास नऊ ते दहा फूट लांबीची व साठ ते पासष्ट सेंटिमीटर रुंदीची होडी बहुधा बेताची ठरते. विकणारे होडीवर कमाल वजन लिहितात, आणि पालक तो आकडा जितका मोठा तितके समाधानी होतात. वास्तविक मुलाच्या बाबतीत प्रश्न उलटा विचारला पाहिजे: ही होडी कमीत कमी किती वजनाच्या माणसासाठी केली आहे?

ह्याहून उत्तम कसोटी म्हणजे कोरड्या जमिनीवर मुलाला तीत बसविणे. पाठ टेकलेली, पावलांचा चवडा पायटेकूवर आणि गुडघे किंचित वाकलेले असावेत. पाय सरळ ताणून टेकू गाठावा लागत असेल तर वाऱ्यात त्याला जोरच लावता येणार नाही, कारण कयाकचे वल्हे हातांनी नव्हे, पायांपासून कमरेतून चालते. कमरेच्या दोन्ही बाजूंना दोनदोन बोटे जावीत. मूठ जाऊ नये. मग हातात वल्हे देऊन हवेतच वीस हात मारावयास सांगावे आणि कोपर किंवा बोटांची पेरे काठावर आपटतात का, ते पाहावे. दुकानदार ह्या वेळी घड्याळाकडे पाहू लागेल. पाहू द्यावे.

वल्ह्याबद्दल लोक फारच निष्काळजी असतात. होडी महाग, म्हणून तिची चर्चा आठ दिवस. वल्हे मात्र ‘सोबत मिळाले’ ते. मुलांसाठी वल्ह्याचा दांडा बारीक हवा, नाहीतर बोटे त्याच्याभोवती पुरी वळत नाहीत आणि तासाभरात मनगट भरून येते. लांबी उंचीप्रमाणे १८० ते २१० सेंटिमीटर. आणि ते हलके असावे. तासाला हजारावर हात मारले जातात, तेव्हा प्रत्येक हाताला उचलावे लागणारे पावभर अधिक वजन म्हणजे तासाभरात किती, हे गणित मी पाचवीच्या विद्यार्थ्यांसाठी सोडून देतो.

कयाक दोन जातींची मिळते. एकीत माणूस होडीच्या पोटात बसतो. दुसरीत तो वरून बंद असलेल्या पोकळ होडीच्या पाठीवर, खोलगट बैठकीत बसतो. आपल्या उष्ण हवेत आणि नवशिक्यांना ही दुसरीच मी सुचवीन. तिच्या बैठकीत आरपार छिद्रे असतात. आत आलेले पाणी आपोआप खाली जाते. ती उलटली तर मूल सरळ बाजूला पडते, कोठे अडकत नाही, आणि थोड्या सरावाने पुन्हा वर चढू शकते. पोटात बसण्याची कयाक अधिक वेगवान व वाऱ्याला अधिक नेटाची खरी, पण ती उलटली असता डोके पाण्याखाली असताना पाय सोडवून बाहेर येण्याची सवय आधी पोहण्याच्या तलावात, जाणत्या माणसासमोर, पुनःपुन्हा केलेली असली पाहिजे. अशा होडीच्या पुढच्यामागच्या पोकळीत हवाबंद कप्पे किंवा हवेच्या पिशव्या नसतील तर ती पाण्याने भरून जड ओंडका होते. ती घेऊच नये. हवा भरून फुगविण्याच्या होड्याही मिळतात. घरी ठेवावयास सोयीच्या, परंतु हलक्या असल्याने वारा त्यांना खेळवितो. लहान तळ्याबाहेर त्या नेऊ नयेत. राहिली दोघांची जोडकयाक. दोन भावंडांना एका होडीत बसविणाऱ्या पालकांनी घरातील दूरदर्शनच्या एका रिमोटवरून काय घडते ते आठवावे.

बहुतेक होड्या आता पॉलिथिलीनच्या असतात. त्या कशा करतात, हे पाहावयास लांब जावयास नको. आपल्या गच्चीवरील काळी पाण्याची टाकी त्याच रीतीने होते. पोकळ धातूच्या साच्यात प्लास्टिकची भुकटी घालून साचा तापवीत सर्व बाजूंनी फिरविला की भुकटी वितळून आतून सारखा थर बसतो. जोड नाही, म्हणून गळती नाही. खडकावर आपटली तरी ती सहसा फुटत नाही. मात्र सुरतेच्या उन्हात वर्षानुवर्षे पडलेली टाकी जशी पांढुरकी पडून तडकते तशीच ही होडीही. जुनी कयाक घेताना रंग उडालेला आहे का, बैठकीखालचा तळ अंगठ्याने दाबल्यावर थबथबतो का, पाणी काढण्याचे बूच घट्ट बसते का, ह्या तीन गोष्टी पाहाव्या. ह्या होड्यांचा एक दोष म्हणजे वजन. मुलाला स्वतःची होडी मित्राच्या मदतीने शंभर पावले उचलून नेता आली पाहिजे. जी होडी काढण्यासाठी प्रत्येक वेळी बाबांची रविवारची दुपार लागते ती चार महिन्यांत माळ्यावर जाते.

आता जॅकेटकडे वळू. खरे म्हणजे लेखाचा आरंभ येथूनच करावयास हवा होता, कारण होडी भाड्याची असो की घरची, जॅकेट मुलाच्या मापाचे हवे ह्यात तडजोड नाही. माणसाचे शरीर जवळजवळ पाण्याच्याच घनतेचे असते, म्हणून त्याला तरंगत ठेवण्यास फार मोठे बळ लागत नाही. प्रौढांसाठी पोहता येणाऱ्यांच्या जॅकेटावर ५० न्यूटन असा आकडा असतो. तो सुमारे पाच किलोग्रॅम वजन उचलण्याइतका होय. एवढे प्लावक बळ पुरते, परंतु ते शरीराला बांधलेले असले तर. जॅकेट ढगळ असेल तर ते बळ जॅकेटला वर उचलते, मुलाला नव्हे. भाचीच्या बाबतीत नेमके हेच झाले. परीक्षा सोपी आहे. सर्व बंद आवळून मुलाने हात वर करावे आणि दुसऱ्याने खांद्याच्या पट्ट्या धरून जॅकेट वर ओढावे. ते हनुवटीच्या किंवा कानांच्या वर सरकले तर ते मोठे आहे. आत लावलेल्या पट्टीवर किती किलो वजनाच्या माणसासाठी ते केले आहे तेही छापलेले असते. पट्टीच नसेल तर जॅकेट परत करावे. आणि आणखी एक समजून असावे: ५० न्यूटनांचे जॅकेट शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसासाठी असते. बेशुद्ध माणसाचे तोंड वर फिरवून धरण्याची शक्ती त्यात नाही. त्यासाठी १०० न्यूटनांचे वा अधिक शक्तीचे, मानेमागे कॉलर असलेले खरे लाइफ जॅकेट लागते. पोहता न येणाऱ्या मुलाला कयाकमध्ये बसवूच नये, हे माझे मत आहे, आणि ह्या मतावर काही पालक माझ्याशी अबोला धरून आहेत.

ते मत इतके कठोर का, असे कोणी विचारील. १८ जानेवारी २०२४ रोजी आपल्यापासून फार दूर नसलेल्या वडोदऱ्यात, हरणी तलावावर सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची नौका उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडून मरण पावल्या. नौकेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती, आणि पुष्कळ मुलांच्या अंगात जॅकेट नव्हते. ती कयाक नव्हती, हे खरे. परंतु सहलीच्या दिवशी उत्साहाच्या भरात ‘एवढ्याने काय होते’ म्हणणारी जी माणसे सर्वत्र असतात, त्यांत आपण शिक्षकही असतो. मी स्वतः खाडीवर होतो.

आपल्या दाराशी तापी वाहते, मग कोकणात कशाला जावे, हा प्रश्न कतारगामचा विद्यार्थी विचारणारच. ही नदी आपली दुहेरी आप्त आहे. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताईजवळ उगम पावून ती ७२४ किलोमीटरांच्या प्रवासात भुसावळ व प्रकाशे ह्या गावांवरून, म्हणजे तुमच्यापैकी अनेकांच्या आजोळावरून, येथवर येते. आजी तिकडे जिला नमस्कार करते तीच नदी नातू इकडे काठावरून पाहतो. परंतु सिंगणपोरपाशी १९९५ साली जो बंधारा व कॉजवे बांधला त्याने तिचे दोन भाग केले आहेत. बंधाऱ्यावरचे साचलेले गोडे पाणी शहराच्या पिण्याचे आहे, आणि तेथे जलपर्णीचे गालिचे पसरतात. तीत अडकलेले वल्हे सुटत नाही. बंधाऱ्याखाली समुद्राच्या भरतीओहोटीचा अंमल चालतो. आणि बंधाऱ्यावरून पाणी वाहत असते तेव्हा त्याच्या पायथ्याशी पाणी उलटे गरगरत राहते. वरून ते शांत, फेसाळ व निरुपद्रवी दिसते, पण त्यात सापडलेली होडी, ओंडका वा मनुष्य पुनःपुन्हा भिंतीकडेच ओढला जातो. जगात कोठेही, कोणत्याही बंधाऱ्याजवळ कयाक नेऊ नये, असे जाणते सांगतात त्याचे कारण हेच. पावसाळ्यात तर नदीचे नावच काढू नये. सुमारे शंभर किलोमीटर वर उकाईचे धरण आहे. ऑगस्ट २००६ मध्ये तेथून सुमारे ९ लाख क्यूसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला, हे तुमच्या आईवडिलांना विचारा. कोणाच्या जिन्यावर पाणी कोठवर आले होते त्याची खूण अजून दाखवितील.

तेव्हा आपला आरंभ पोहण्याच्या तलावात, आणि पुढचा धडा सुटीत, शिकविणाऱ्याच्या देखरेखीखाली, बंदिस्त शांत पाण्यावर. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी मुळा नदीवर आपल्या बोट क्लबच्या रेगाटात कयाकची जी कवायत करतात, ती संधी मिळाल्यास अवश्य पाहावी. होडी अंगाचाच अवयव झाल्यावर काय करता येते ते तेथे दिसते. माप जमल्यावर माणूस कोठवर जातो ह्याचे दुसरे उदाहरण ग्वाल्हेरच्या प्राची यादव हिचे. तिचे पाय अधू आहेत. शरीराला जुळवून घेतलेल्या बैठकीच्या कयाकमधून वल्हे मारीत तिने ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगचौ येथील आशियाई पॅरा क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविले. आपल्या अंगाची होडी आणि आपली पडेल ती मेहनत, ह्या दोहोंची ती कमाई आहे.

त्या खानदेशच्या पालकांना मी शेवटी काय सांगितले? धरणाच्या पाण्यात होडी घालण्यापूर्वी जलसंपदा खात्याच्या कचेरीत परवानगीची चौकशी करा, हे पहिले. धाकटा अजून पोहण्यात कच्चा आहे, त्याला वर्षभर तलावात घाला, हे दुसरे. आणि थोरल्यासाठी त्याच्या आजच्या मापाची, वरून बसण्याची, जुनी पण धड अशी एक होडी पाहा. तिसऱ्या वर्षी ती त्याला आखूड पडेल तेव्हा धाकट्याला बरोबर बसेल. हे ऐकून त्यांचा चेहरा खुलला. सदऱ्याचा हिशेब अखेर जमला होता, फक्त उलट्या टोकाकडून.

ज्यांना पुढच्या सुटीत कयाक चालवावयाची आहे त्यांनी आज घरी एवढे करावे. भिंतीला पाठ लावून, पाय पसरून जमिनीवर बसावे आणि भिंतीपासून चवड्यापर्यंतचे अंतर टेपने मोजावे. कमरेची रुंदी दोन्ही बाजूंना पुस्तके उभी करून त्यांच्यामधील अंतरावरून मोजावी. छातीचा घेर, उंची आणि वजन लिहावे. कागदावर तारीख घालावयास विसरू नये, कारण मे महिन्यात ही सर्व मापे पुन्हा घ्यावी लागतील.